ग्रानाडा : पाणी राहिले, शब्द राहिले

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता आणि कन्या बार्सिलोनाला मेहुण्यांकडे गेलो होतो. "इतक्या लांब आलाच आहात, तर दोन दिवस ग्रानाडा पाहून या," असा त्यांचा आग्रह. रेल्वेने सहा तासांहून अधिक लागतात, विमानाने जेमतेम दीड तास. खिडकीतून आधी ऑलिव्हच्या बागा दिसल्या आणि मग भर मे महिन्यात बर्फ पांघरलेला सिएरा नेवादा. विमानतळ लहानसा. त्याला नाव आहे कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांचे. १९३६ साली याच शहराजवळ त्यांना गोळ्या घालून ठार मारले होते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी अल्हाम्ब्राची तिकिटे आधीच काढावीत. आतल्या राजवाड्यांना वेळ ठरवून दिलेली असते, ती चुकली की चुकली. पासपोर्टही जवळ ठेवावा, कारण तिकीट नावावर असते.

अल्हाम्ब्राचे नक्षीकाम सगळेच पाहतात. आम्ही पाहत राहिलो ते पाणी. डिप्लोमाला असताना लेव्हल लावायला शिकलो, ती सवय जात नाही. किल्ला टेकडीवर आणि दारो नदी खाली दरीत. मग पाणी वर चढले कसे? ते चढवलेच नाही. तेराव्या शतकात नस्री सुलतानांनी नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे सहा किलोमीटरवर, पाणी अडवले आणि डोंगराच्या कडेने हलका उतार देत पाट आणला. सिंहांच्या चौकातल्या बारा संगमरवरी सिंहांच्या तोंडांतून पाणी पडत असे ते याच जोरावर.

त्या पाटाला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'आसेकिया'. शब्द मूळ अरबी. पाण्याच्या टाकीला 'आल्बेर्का', तोही अरबी. पण हे शब्द ज्यांनी आणले ती माणसे कुठे गेली?

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटच्या सुलतानाने राणी इसाबेला आणि राजा फर्नांडो यांच्या हाती शहर दिले. धर्म, कायदा, चालीरीती राखू, असे तहात वचन होते. दहा वर्षांत ते मोडले. १५६७ साली दुसऱ्या फिलिपने अरबी बोलण्या-लिहिण्यावरच बंदी घातली आणि स्पॅनिश शिकायला तीन वर्षांची मुदत दिली. त्यातून बंड झाले. १६०९ पासून तर त्यांच्या वंशजांना देशाबाहेरच काढले.

संध्याकाळी समोरच्या अल्बायसिन टेकडीवर जेवायला बसलो. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे तळलेले वांग्याचे काप आणि वरून उसाचा घट्ट काळसर पाक. सौ.नी बोट बुडवून चाखले आणि म्हणाल्या, "अहो, ही तर काकवी!"

कन्येने विचारले, "आई, काकवी म्हणजे काय?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या आजोबांच्या घरी काकवीची बरणी कायम असे. आमच्या घरात तो पदार्थ आला नाही, म्हणून शब्दही आला नाही.

त्याच टेबलावर साखरेची पुडी होती. तिच्यावर लिहिले होते 'आसुकार'. आपली संस्कृत शर्करा फारसीतून अरबीत गेली आणि अरबांबरोबर स्पेनला पोचली. संत्र्याला ते 'नारांखा' म्हणतात, तेही आपले नारिंगच. बंदी घातली, माणसे हाकलली, तरी हे शब्द टिकले, कारण लोकांच्या तोंडी ते रोज होते.

मित्रहो, आपले पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर बडोद्याला आले. आपल्या भाषेवर इथे कुणी कधी बंदी घातली नाही. तरी काकवी गेली. ती कुणी हिरावली नाही, आमच्याच हातून सुटली.

म्हणून एक विनंती. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत रोज आरतीनंतर एका आजीने किंवा आजोबांनी मुलांना घरातला एक जुना शब्द सांगावा, आणि जमल्यास ती वस्तूही दाखवावी. पहिल्या दिवशी काकवी आम्ही आणू. सोबत वांग्याचे कापही.

गणपती बाप्पा मोरया!