वारा ओळखा, माळ गाठा
(कोल्हापूर जिल्हा मेळाव्यातील भाषण)



१४ जुलै २०१० ला मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर बेवारस पडलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला. शंभरावर माणसांना बाधा झाली. मोठ्या नळपाणी योजनांवर हाच वायू वापरतात. हवेपेक्षा तो अडीचपट जड. थंडीतलं धुकं ओढ्यात साचतं, तसा हा जमिनीलगत सरपटतो, खोलगटात बसतो. म्हणून ओढ्यात, विहिरीत लपू नका. फवारताना आपण वारा पाठीशी घेतो. इथं वाऱ्यासोबत पळालो तर वायूही सोबत येतो. वाऱ्याला आडवं निघा, माळ गाठा. गळत्या सिलिंडरवर पाणी ओतू नका. आम्ल होऊन भोक वाढतं. ग्रामसभेत आपण एकच विचारू: आमच्या योजनेचे सिलिंडर कोण तपासतं, कधी?