मुलाचे पहिले पाऊल



मूल पालथे पडू लागले की सारे घर आनंदाने त्याच्याभोवती गोळा होते. परंतु शेजारचे मूल आधी रांगू लागले की त्याच घरात काळजी शिरते, आणि बोल लावला जातो तो आईला. हा तिच्यावर अन्याय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतासह ५ देशांतील निरोगी मुले होती. त्यांपैकी काही ८ महिन्यांच्या सुमारास एकट्याने चालू लागली, तर काहींना १७ महिने उलटून गेले. शंभरांतील सुमारे ४ मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

याचा अर्थ डोळेझाक करावी असा मात्र नव्हे. ९ महिने उलटूनही मूल आधाराशिवाय बसत नसेल, किंवा १८ महिन्यांचे होऊनही चालत नसेल, तर "आमच्याकडे सगळे उशिराच चालतात" असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्याला डॉक्टरांना दाखवावे. त्यात कमीपणा कसला? दोष असलाच, तर वेळीच उपचार सुरू होतात. नसला, तर आईच्या मनावरचे ओझे उतरते.