काचेवर धरलेली वाफ

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. पण श्वास कसा घ्यावा, हे मात्र साठीनंतर शिकलो.

१९९६ साली मला क्षयरोग झाला. औषधांचा कोर्स पुरा केला, रोग बरा झाला. पण डाव्या फुप्फुसातल्या काही श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल होऊन बसल्या. डॉक्टर याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. अशा नलिकांत कफ साचतो, त्यात जंतू वाढतात आणि नलिका आणखी बिघडतात. पहाटे तास तास खोकायचो. बरगड्या दुखायच्या, बेडका मात्र जागचा हलायचा नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचं पान हळूच दूर सरकायचं. थुंकीत क्षयाचे जंतू नसल्याचा रिपोर्ट कुणाकुणाला दाखवणार? शेवटी जाणंच सोडलं.

एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी माझी चूक दाखवली. जोर लावून सतत खोकलं की सैल नलिका दाबल्या जातात आणि कफ आतच अडकतो. आधी कफाच्या मागे हवा पोचली पाहिजे; मग तीच त्याला वर ढकलते.

त्यासाठी खांदे सैल सोडून, पोट हलेल असा संथ श्वास घ्यायचा. मग तीन-चार खोल श्वास. प्रत्येक तीन सेकंद धरायचा आणि जोर न लावता सोडायचा. पुन्हा संथ श्वास. मग चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसं तोंड उघडून ‘हाऽऽ’ करायचं. मध्यम श्वास घेऊन लांब ‘हा’ केला की खोलवरचा कफ सरकतो. तो वर आला की मोठा श्वास घेऊन आखूड, जोराचा ‘हा’. एक-दोनदाच, की पुन्हा संथ श्वास. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टांनी १९७०च्या दशकात या पद्धतीचा अभ्यास केला होता.

पहिले पंधरा दिवस घसाच खरवडला. एकदा जेवणानंतर लगेच केलं आणि उलटी झाली. म्हणून सांगतो, ऐकून करू नका. जाणकारासमोर बसून शिका. कफात रक्त दिसलं तर थांबा, डॉक्टरांकडे जा. औषधंही आपल्या मनाने बंद करू नका.

माझ्या नलिका पूर्ववत होणार नाहीत. पण सकाळची वीस मिनिटं दिली की पुढचा दिवस बराचसा माझा असतो. परवा पुतणीच्या लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत बसलो.