जवाचे मूळ



रानटी जवाची ओंबी पिकली की तिचा कणा तुटून दाणे गळतात. शेतातल्या जवाचे दाणे मळणीपर्यंत ओंबीतच राहतात. हा फरक कसा पडला? १९७० च्या दशकात जवातील फ्लॅव्होनॉइड द्रव्ये ताडून त्याचा वंश शोधला गेला. पुढे २०१५ साली जनुकांनी साक्ष दिली. कणा ठिसूळ राहण्यास दोन जनुके लागतात. एक जरी बिघडले तरी दाणे गळत नाहीत. काही जवांत पहिले बिघडलेले आहे, काहींत दुसरे. म्हणजे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील शेतकऱ्यांच्या हाती जव एकाच वाटेने आला नाही. मित्रहो, रोपाचा जो दोष, तोच माणसाचा घास झाला. तो दोष हेरून जपणारे शेतकरी निरक्षर होते, पण डोळस होते. आपण साक्षर आहोत. डोळसही होऊ या.