आधी नमुन्यावर, मग रुग्णावर





कृत्रिम कर्णास्थींवरच्या, म्हणजे कानाच्या हाडाच्या नमुन्यांवरच्या, प्रशिक्षणाची परिषद भरवायला नागपूरच्या भोसल्यांच्या आठवणी जपणाऱ्या या सक्करदऱ्याहून योग्य जागा मला सुचली नसती. इथल्या चौकालगतच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात सुश्रुतसंहिता शिकवली जाते. तिच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय शस्त्रकर्माच्या सरावाचाच आहे. छेद घ्यायला शिकावे ते कोहळा, दुधी, काकडीवर. पट्टी बांधायला शिकावे ते माणसाच्या पुतळ्यावर. आणि कानाची पाळी जोडायला शिकावे ते मऊ मांसावर व कमळाच्या देठावर. कितीही ग्रंथ पढलेला असो, हा सराव न केलेला विद्यार्थी शस्त्रकर्माला अपात्र, असा तिथला दंडक आहे.

आपणा कर्णशल्यचिकित्सकांचे काम पाळीच्या कितीतरी आत चालते. रिकीब हे हाड जेमतेम ३ मिलिमीटरचे. चेहऱ्याची नस कानाच्याच हाडातून वळणे घेत जाते, वर मेंदूचे आवरण, मागे मोठी शीर. ड्रिलचे टोक क्षणभर घसरले तरी रुग्णाचा अर्धा चेहरा लुळा पडू शकतो. कान वाहतो म्हणून उमरेड-भिवापूरकडून बसने आलेल्या शेतमजुराच्या मुलीवर कोणाचाही हात पहिल्यांदा चालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

खऱ्या अस्थींचा तुटवडा आपण सारे जाणतो. बेवारस देह महाविद्यालयांना मिळावेत म्हणून १९४९ साली कायदा झाला. पण एक देह दोनच कर्णास्थी देतो, आणि एकदा कोरलेली अस्थी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. बकऱ्याच्या डोक्यावर हात वळतो, मात्र रचना माणसाची नसते. सीटी स्कॅनवरून त्रिमितीय छपाईने घडवलेली अस्थी इथे उपयोगी पडते. नस एका रंगात, शीर दुसऱ्या रंगात दाखवता येते. एकच अवघड कान दहा जणांना दहा टेबलांवर देता येतो.

या छापील अस्थीच्या उणिवाही मी झाकणार नाही. तिच्यातून रक्त येत नाही, सडलेल्या कानातली चिकट मांसल वाढ तिच्यात नसते, आणि काही रेझिन ड्रिलच्या उष्णतेने मऊ पडतात. मेंदूच्या आवरणावरचे हाड पातळ होत गेले की ड्रिलचा सूर बदलतो. तो सूर खऱ्या हाडातच नीट कळतो. म्हणून खरी अस्थी हवीच, पण नमुन्यांवर हात बसल्यानंतर. कानामागच्या मास्टॉइड हाडाच्या पहिल्या शस्त्रक्रियेआधी प्रत्येक निवासी डॉक्टरने किती नमुने कोरलेले असावेत, याचा आकडा या परिषदेने ठरवावा आणि विदर्भातल्या सर्व वैद्यकीय महाविद्यालयांना कळवावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.

उद्या सकाळी टेबले मांडलेली असतील. ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी प्रत्येक टेबलापाशी थांबावे; मात्र निवासी मुलांच्या हातून ड्रिल काढून घेऊ नये. नस कापली जाऊ द्या. मग ती का कापली गेली, हे त्यांच्याकडूनच ऐका आणि दुसरी अस्थी पुढे ठेवा.