बांधावरच्या बाभळीचा डिंक



जवळा बाजार, औंढा भागात काळ्या रानाच्या बांधावर बाभूळ असते. वखर-तिफणीला लाकूड, शेळ्यांना शेंगा, एवढंच आपण तिच्याकडून घेतो. डिंक मात्र पोरांवर सोडतो, अन् पोरं कुऱ्हाडीनं खोल घाव घालतात. घाव लाकडापर्यंत गेला की त्यात पाणी मुरतं, कीड-बुरशी शिरते अन् झाड वाळू लागतं. लाकूडही गेलं, डिंकही गेला.

फाल्गुनात ऊन तापू लागलं की धारदार विळ्यानं वरच्या सालीचा लहानसा पापुद्रा काढावा. आतल्या लाकडाला विळा लागू देऊ नये. पाझरलेला चीक ओला असताना ओढू नका. वाळून खडा झाला की वेचा. वळवाच्या आधी वेचणी आटपा. हा डिंक पाण्यात विरघळतो, एका सरीत कमाई वाहून जाते. फिका माल वेगळा ठेवा, काळपट अन् साल-माती चिकटलेला वेगळा. सगळा एकाच पिशवीत भरला तर व्यापारी भाव काळपटाचाच लावणार, त्याला बोल कसा लावता?

बाळंतिणीच्या लाडवाला बायका धावड्याचा डिंक मागतात. तो तुपात छान फुलतो. त्यात कांडोळाचा म्हणजे कढईचा डिंक मिसळला आहे का, हे घरीच पाहता येतं. खडे रात्रभर पेलाभर पाण्यात ठेवा. बाभळीचा विरघळतो, कांडोळाचा फुगून लगदा होतो. सालईचा डिंक धुपाचा, तो लाडवात नको.

डोंगरातल्या, वनखात्याच्या झाडाला मात्र परवानगीशिवाय विळा लावू नका.