मटाराच्या दाण्याहून लहान



संयोजकांनी मला 'एआय आणि आपण' हा विषय दिला होता. त्यावर सध्या सगळेच बोलतात, म्हणून मी विषय बदलून घेतला. मी बोलणार आहे हृदयाजवळच्या एका छोट्या नळीबद्दल. माझ्या लेकीची ही नळी 2019 च्या शरद ऋतूत, ती 4 आठवड्यांची असताना, अमेरिकेत बंद करण्यात आली.

बाईंनी फळ्यावर काढलेले हृदयाचे चार कप्पे आपल्याला अजून पाठ असतील. पण ते चित्र जन्मलेल्या माणसाचं. पोटातल्या बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, फुप्फुसांना काम नसतं. म्हणून तिकडे निघालेलं बरंचसं रक्त एका आडवाटेने थेट महारोहिणीत जातं. ही आडवाट म्हणजे डक्टस आर्टेरिओसस. पूर्ण दिवसांच्या बाळात ती 2-3 दिवसांत आपोआप मिटते. कमी दिवसांच्या बाळात अनेकदा मिटत नाही. मग प्रवाह उलटा होतो. महारोहिणीतलं रक्त फुप्फुसांत शिरतं, ती ओली होतात, आणि आतडी-मूत्रपिंडांच्या वाट्याचं रक्त कमी पडतं.

आमची मुलगी 26 व्या आठवड्यात जन्मली, वजन 780 ग्रॅम. पॅरासिटामॉलचे दोन कोर्स झाले. हो, तेच, तापावर घेतो ते. त्याने ही नळी आकसू शकते. तिची आकसली नाही. व्हेंटिलेटर कमी केला की ती निळसर पडायची.

आणि डॉक्टरांचं एकमत नव्हतं. एक म्हणायचे, थांबू या, पुष्कळ नळ्या उशिरा का होईना स्वतः मिटतात. दुसऱ्या म्हणायच्या, तोवर फुप्फुसं किती सोसतील? दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. माझ्या कामात दोन तज्ज्ञांचं पटलं नाही की आम्ही दोन्ही पर्याय चालवून बघतो. इथे बाळ एकच होतं. (पुढे युरोपात एक अभ्यास झाला. त्यात 28 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना लवकर आयबुप्रोफेन देण्यापेक्षा थांबणं वाईट ठरलं नाही. पण औषधं हरल्यावर, व्हेंटिलेटर सुटत नसताना काय करायचं, हा प्रश्न वेगळा.)

बंद करायचीच तर जुना मार्ग शस्त्रक्रियेचा. 1938 मध्ये बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी 7 वर्षांच्या मुलीची ही नळी बांधली, तिथून तो सुरू झाला. बाळाची छाती डाव्या बाजूने उघडायची, फुप्फुस बाजूला सारायचं. शेजारून स्वरयंत्राची नस जाते, ती दुखावण्याची भीती. कॅथेटरचा मार्गही नवा नाही, बर्लिनमध्ये पोर्स्टमन यांनी तो 1967 मध्ये वापरला. पण एक किलोच्या बाळाच्या मापाचं साधनच नव्हतं. मोठ्यांसाठी केलेल्या वस्तूंवर भागवावं लागे. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पिकोलो नावाच्या साधनाला मान्यता दिली, ती 700 ग्रॅमपासूनच्या बाळांसाठी. मान्यतेआधी ते 200 मुलांत वापरून पाहिलं होतं, त्यांतली 100 दोन किलोंपर्यंतची. 191 जणांत ते बसलं.

साधन म्हणजे नायटिनॉलच्या, निकेल-टायटॅनियमच्या, तारांची विणलेली जाळी. मटाराच्या दाण्याहून लहान. ताणून ती बारीक नळीतून सरकवतात, बाहेर आली की आपला आकार आपणच घेते. जांघेतल्या नीलेतून हृदयात, तिथून डक्टमध्ये. इतक्या लहान बाळाच्या रोहिणीला हात लावत नाहीत, ती सहज इजा पावते. सोबत क्ष-किरण आणि सोनोग्राफी. खोली तापवून ठेवतात, कारण अशी बाळं बघता बघता गार पडतात.

मला इंजिनीअर म्हणून सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की जाळी जागेवर बसली तरी लगेच सोडत नाहीत. ती तारेला आट्यांनी जोडलेली असते. महारोहिणी किंवा डाव्या फुप्फुसाकडची रोहिणी अडत नाही ना, हे सोनोग्राफीवर बघतात. अडत असेल तर मागे ओढून पुन्हा बसवायची. खात्री पटली की मगच आटे फिरवून तार सोडायची. त्यानंतरही ती निसटू शकते, हे आम्हाला सहीच्या आधी स्पष्ट सांगितलं होतं. माझा नवरा तो कागद तीनदा वाचत होता. मी एकदाच वाचला आणि सही केली. त्या आठवड्यात तिचं वजन एक किलोच्या जरा खाली होतं.

जाळी बसली. चमत्कार झाला असं मात्र समजू नका. व्हेंटिलेटर निघायला आणखी 9 दिवस लागले आणि घरी येताना ऑक्सिजनचं नळकांडं बरोबर होतं. नळी बंद झाली म्हणून 26 आठवड्यांची फुप्फुसं 40 आठवड्यांची होत नाहीत.

साताऱ्याहून आईने फोनवर विचारलं होतं, "अगं, ती मोठी होईल, मग ती जाळी बदलावी लागेल का?" हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. नाही. जाळीवर हळूहळू आतलं अस्तर चढतं आणि ती तिथेच राहते. आता लेक 5 वर्षांची आहे, पलीकडे मैदानावर तुमच्या मुलांबरोबर पकडापकडी खेळते आहे. तिला अजून लवकर धाप लागते, तेव्हा तिच्यावर राज्य आलं तर जरा सांभाळून घ्यायला सांगा.